शिकारी बांधणीच्या धनुष्यासाठी स्टॅबिलायझर कसा निवडावा : नाशिकच्या नवोदित तिरंदाजांसाठी

नाशिकमध्ये कंपाउंड धनुष्याकडे, म्हणजे टोकांना कॅम ही चाके असलेल्या धनुष्याकडे, वळणाऱ्या नवोदितांच्या हाती येणारे पहिले धनुष्य पुष्कळदा परदेशात शिकारीसाठी म्हणून तयार केलेले असते. याचे कारण सरळ आहे. अशी धनुष्ये स्पर्धेच्या धनुष्यांपेक्षा स्वस्त मिळतात, जुन्या वापरलेल्या मालातही सहज सापडतात, आणि त्यांची खेचण्याची लांबी व ताकद मोठ्या पल्ल्यात कमीजास्त करता येत असल्यामुळे वाढत्या वयाच्या मुलालाही ती दोन-तीन वर्षे पुरतात. मात्र त्यांची लांबी, म्हणजे एका कॅमच्या आसापासून दुसऱ्या कॅमच्या आसापर्यंतचे अंतर, साधारण २८ ते ३३ इंच असते, तर स्पर्धेसाठीच्या धनुष्यात ते ३६ ते ४० इंचांच्या घरात जाते. आखूड आणि हलके धनुष्य झाडीतून नेण्यास सोयीचे असले तरी नेम धरताना ते अधिक हलते. म्हणून अशा धनुष्याला कोणता स्टॅबिलायझर, म्हणजे नेम स्थिर ठेवणारी, टोकाला वजन असलेली नळी, लावावा, हा प्रश्न सरावाच्या पहिल्या काही महिन्यांतच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर दुकानातील आकर्षक नळ्या पाहून देण्याचा मोह होतो. धनुष्य पूर्ण खेचलेले असताना पिन, म्हणजे साइटमधील नेम धरण्याचा ठिपका, कशी हलते हे आधी पाहावे आणि मगच नळीची लांबी व वजन ठरवावे, हा या लेखाचा आग्रह आहे.

शिकारीविषयी आधी दोन शब्द

निफाड, दिंडोरी, सिन्नर या पट्ट्यात रानडुकरांनी पिकाची नासधूस केली की ‘धनुष्य आहेच, तर’ असा सूर एखाद्या शेतावर निघतो. त्याला तिथेच आवर घालावा. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ९ अन्वये अनुसूचीतील वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे, आणि त्या कायद्याने केलेल्या व्याख्येत प्राण्याला मारणेच नव्हे, तर पकडणे, हुसकावणे, सापळा लावणे आणि यांतील कशाचाही प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. उपद्रवी प्राण्याबाबत परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्याचे अधिकार वन विभागाकडे आहेत आणि त्यासाठी अर्जही तिथेच करावा लागतो. त्यामुळे पुढे जिथे ‘शिकारी धनुष्य’ किंवा ‘शिकारी स्टॅबिलायझर’ असे शब्द येतील तिथे त्यांचा अर्थ साहित्याची बांधणी इतकाच घ्यावा. वापर लक्ष्यफलकावरचा, किंवा फार तर प्राण्यांच्या फोमच्या प्रतिकृतींवर होणाऱ्या थ्री-डी तिरंदाजीचा आहे.

पायरी पहिली : धनुष्य आधी अंगाला बसवून घ्यावे

स्टॅबिलायझर हे शेवटचे साहित्य आहे. खेचण्याची लांबी चुकलेली असेल तर कोणतीही नळी तो दोष झाकू शकत नाही. खेच अंगापेक्षा लांब असेल तर पिन बहुधा संथपणे डावी-उजवीकडे झोके घेते, आणि आखूड असेल तर ती बारीक थरथर करीत राहते. ही दोन्ही लक्षणे नवोदिताला वजनाची कमतरता वाटतात, तो वजन वाढवीत जातो आणि खांदा मात्र दुखू लागतो. म्हणून प्रशिक्षकाकडून खेचण्याची लांबी, पीपची (दोरीत बसवलेल्या, नेम पाहण्याच्या छिद्राची) उंची आणि ग्रिपवर (धनुष्याच्या मुठीवर) हात ठेवण्याची पद्धत तपासून घ्यावी. त्यानंतर निदान काही आठवडे त्याच मांडणीवर सराव करावा.

याच टप्प्यावर ताकदही पाहावी. शिकारी बांधणीची बरीच धनुष्ये ७० पौंडांपर्यंत जातात. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांनुसार कंपाउंड गटातील कमाल मर्यादा ६० पौंडांची आहे, आणि नवोदिताला तर त्याहून बरेच कमी पुरते. लिंबचे (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांचे) बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या फेऱ्यांइतकेच ढिले करून ताकद कमी करावी, त्यापेक्षा एकही फेरी अधिक नको. खेचतानाच दम लागत असेल तर स्थिरतेची चर्चा व्यर्थ आहे.

पायरी दुसरी : स्टॅबिलायझर नेमके काय करतो

धनुष्याच्या मधल्या धातूच्या भागाला, म्हणजे राइजरला, ग्रिपच्या खाली पुढच्या बाजूने एक आटेदार भोक असते. तिथे नळी बसते आणि नळीच्या टोकाला वजन. हाताची सूक्ष्म थरथर धनुष्याला फिरवू पाहते, आणि ग्रिपपासून दूर असलेले वजन त्या फिरण्याला विरोध करते. थरथर थांबत नाही, पण तिचा वेग मंदावतो आणि पिन फलकाच्या मधल्या पिवळ्या भागावर अधिक काळ राहते. प्रत्यंचा सोडल्यानंतर बाण धनुष्यातून निघेपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात ग्रिपवरील हाताचा पीळ धनुष्याला जितका कमी वळवेल तितके बरे, आणि तिथेही हेच वजन उपयोगी पडते. तिसरे काम कंप शोषण्याचे आहे. ते नळीतील किंवा टोकाजवळील रबरी डॅम्पर करतो.

येथे थोडे गणित समजून घेणे फायद्याचे आहे, कारण निवडीचा सगळा तोल त्यावर आहे. वजनामुळे हातावर येणारा भार अंतराच्या पटीत वाढतो, पण फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १०० ग्रॅमचे वजन ग्रिपपासून २५ सेंटिमीटरऐवजी ७५ सेंटिमीटरवर नेले तर मनगटाला खाली ओढणारा भार तिप्पट होतो आणि स्थिरता देणारा विरोध मात्र नऊपट होतो. उलट बाजूने पाहिले तर २५ सेंटिमीटरवरील ३०० ग्रॅम जेवढा विरोध करतात, जवळपास तेवढाच विरोध ४३ सेंटिमीटरवरील १०० ग्रॅम करतात, आणि तोही हातावर सुमारे ५७ टक्के भार देऊन. नळीचे स्वतःचे वजन या हिशेबात धरलेले नाही, तरी दिशा स्पष्ट आहे : जिथे लांबी परवडते तिथे आधी लांबी घ्यावी आणि वजन नंतर वाढवावे. आखूड नळीवर वजनांची चळत चढवणे हा सर्वांत थकवणारा मार्ग आहे.

पायरी तिसरी : वापर ठरवून लांबी ठरवावी

शिकारी स्टॅबिलायझर म्हणून विकल्या जाणाऱ्या नळ्या साधारण ६ ते १२ इंचांच्या असतात. यांतील ६ ते ८ इंचांच्या, विशेषतः रबराचा मोठा भाग असलेल्या नळ्या मुख्यतः कंप आणि आवाज कमी करतात. आवाज ऐकून प्राणी दचकू नये हा त्यांच्यामागचा मूळ विचार, ज्याचा पंचवटीतील मैदानावर काहीच उपयोग नाही. नेम स्थिर राहण्यात त्यांचा वाटा थोडा असतो. १० ते १२ इंचांची कडक कार्बन नळी, टोकाला काढता-घालता येणाऱ्या वजनाच्या चकत्यांसह, हा मात्र खरोखर कामाचा पर्याय आहे, आणि शिकारी बांधणीचे धनुष्य घेऊन शिकणाऱ्या बहुतेकांनी पहिली खरेदी हीच करावी असे माझे मत आहे.

कंपाउंडच्या मैदानी स्पर्धा ५० मीटरवर, ८० सेंटिमीटरच्या फलकावर होतात. तिथे उतरणारे खेळाडू पुढे २७ ते ३३ इंचांची नळी आणि मागे १० ते १५ इंचांचा बॅक बार, म्हणजे मागच्या बाजूची दुसरी नळी, लावतात. तुमचे ध्येय हेच असेल तर पुढे तिकडे जावेच लागेल, पण पहिल्याच वर्षी तशी लांबलचक मांडणी ३० इंचांच्या हलक्या धनुष्यावर चढवू नये. असे धनुष्य पुढच्या बाजूला इतके झुकते की त्याचा तोल सावरण्यासाठी मागे बरेच वजन घालावे लागते, आणि सगळे मिळून धनुष्याचे एकूण वजन नवोदिताच्या खांद्याला पेलण्यापलीकडे जाते. मधला मार्ग १५ ते २० इंचांचा आहे. १८ मीटरवर, ४० सेंटिमीटरच्या फलकावर होणाऱ्या बंदिस्त सभागृहातील सरावासाठी ही लांबी उत्तम जमते.

एक व्यवहारी मुद्दा नाशिककरांनी विसरू नये. सातपूर, अंबड किंवा नाशिकरोडहून सरावाला येणारी बहुसंख्य मुले दुचाकीवर, धनुष्याची पेटी पाठीला लावून येतात. १२ इंचांची नळी त्या पेटीत सहज मावते, तर ३० इंचांची नळी, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटर, कित्येक लहान पेट्यांत मावत नाही. तिच्यासाठी वेगळी पिशवी किंवा पाइप करावा लागतो, आणि द्वारका चौकातील गर्दीत तो पाइप आडवा बांधून नेणे हा स्वतःसाठी आणि इतरांसाठीही धोकाच आहे. उभा बांधावा.

पायरी चौथी : वजन ठरवण्याची चाचणी

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावर सर्वांत कमी वेळ दिला जातो. चकत्या बहुधा एक औंसाच्या, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमच्या असतात. नळी स्वतःची नसेल तर मैदानावरील एखाद्या ज्येष्ठ खेळाडूकडून तासाभरासाठी मागून घ्यावी. या खेळात साहित्य हाताळायला देण्याची पद्धत आहे आणि विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

फलकापासून १८ मीटरवर उभे राहून फलकावर लहान गोल चिकटवावा. पूर्ण खेच घेताना दोरीवर बाण असलाच पाहिजे आणि बाणाचे टोक फलकाकडेच असले पाहिजे, कारण हात निसटला तर बाणाविना सुटलेल्या दोरीने लिंब आणि कॅम तुटू शकतात. सुरुवातीला नळीवर एकच चकती ठेवून नेम धरावा आणि दहा-बारा सेकंद पिनकडे पाहत राहावे. बाण सोडायची घाई नको. खेच सावकाश परत सोडता येत असेल तरच ही चाचणी एकट्याने करावी. नाहीतर सोबत प्रशिक्षक हवा.

पिन काय सांगते ते असे वाचावे. ती भरभर, लहान लहान उड्या मारीत असेल आणि गोलाच्या सर्व बाजूंना जात असेल तर पुढे आणखी एक चकती चढवून पाहावी. ती गोलावर टिकते पण काही सेकंदांनी खाली सरकू लागते आणि तुम्ही तिला पुन्हा पुन्हा वर उचलत असाल, तर पुढचे वजन जास्त झाले आहे. एक चकती कमी करावी किंवा, मागे बार असेल तर, मागे वाढवावी. पिन वरच्या अंगाने तरंगत राहत असेल आणि खाली आणायला जोर लावावा लागत असेल तर पुढे वजन कमी आहे किंवा मागे जास्त आहे. डावी-उजवीकडची ओढ मात्र पुढच्या वजनाने सुटत नाही. तिचा विचार पुढील पायरीत केला आहे.

एका वेळी एकच बदल करावा. एक चकती वाढवली की तिथल्या तिथे निर्णय न घेता त्या मांडणीवर पुरेशा फेऱ्या माराव्यात, कारण नवे वजन पहिल्या काही बाणांना नेहमीच चांगले वाटते आणि त्याचे खरे रूप दमल्यावर कळते. म्हणूनच ही चाचणी सरावाच्या आरंभी एकदा आणि शेवटी एकदा अशी दोनदा करणे आवश्यक आहे. स्पर्धेत ७२ बाण मारायचे असतात. साठाव्या बाणाला जे वजन सरळ हाताने पेलता येते तेच तुमचे वजन, पहिल्या बाणाला पेलते ते नव्हे. सरावाच्या शेवटच्या फेऱ्यांत बाणांचा समूह खाली घसरत असेल, तर खेचीची ताकद आणि पुढचे वजन या दोन्हींकडे संशयाने पाहावे. वहीत तारीख, चकत्यांची संख्या आणि समूहाचा आकार एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या तरी महिनाभरात चित्र स्पष्ट होते. स्मरणावर विसंबून केलेली तुलना या बाबतीत फसवी ठरते, विशेषतः एखाद्या दिवशी बाण चांगले पडले की.

शिकारी बांधणीचे रिकामे धनुष्य साधारण १.६ ते २.१ किलोचे असते. साइट, रेस्ट (बाणाचा आधार) आणि नळी चढल्यावर ते सहज अडीच किलोंच्या आसपास जाते. शाळकरी मुलांच्या पालकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा आणि वजन वाढवण्याचा आग्रह मुलाकडून आला तरी प्रशिक्षकाला विचारूनच पुढे जावे.

पायरी पाचवी : मागची आणि बाजूची जुळवणी

उजव्या हाताने दोरी खेचणाऱ्याच्या धनुष्यावर साइट उजवीकडे बसते, शिकारी धनुष्यावर बाणांचा भाता लावलेला असेल तर तोही उजवीकडेच. साहजिकच धनुष्य उजवीकडे कलते. हे तपासण्यासाठी, बाण लावून आणि टोक फलकाकडे ठेवून, फलकाच्या अगदी जवळून पूर्ण खेच घ्यावी, डोळे मिटून हात सहज जसा राहील तसा राहू द्यावा आणि मग डोळे उघडून साइटवरील पाण्याच्या बुडबुड्याकडे पाहावे. बुडबुडा दर वेळी एकाच बाजूला सरकलेला दिसत असेल तर तो कल तुम्ही नकळत मनगटाने सावरीत आहात, आणि तोच पीळ पुढे बाणाला डावी-उजवीकडे नेतो.

उपाय दोन आहेत. पहिला फुकटचा : भाता धनुष्यावरून काढून कमरेला लावावा. मैदानावरील सरावात धनुष्याला भाता लटकवण्याचे काहीच प्रयोजन नाही, आणि अनेकांचा अर्धा कल तेवढ्यानेच जातो. दुसरा उपाय बॅक बारचा. काही राइजरना मागच्या बाजूला, खाली, त्यासाठी वेगळे आटेदार भोक असते. नसल्यास पुढच्या नळीच्या बुडाशी बसणारा कंस मिळतो. उजव्या हाताच्या तिरंदाजाने तो बार डाव्या बाजूला, मागे आणि किंचित खाली झुकलेला असा बसवावा. डावखुऱ्यांसाठी हे सर्व उलटे.

बॅक बार पुढच्या नळीपेक्षा आखूड असल्यामुळे त्यावर वजन अधिक लागते. पुढे एक औंस तर मागे दोन ते तीन औंस, हे आरंभासाठी रूढ प्रमाण आहे. तिथून चौथ्या पायरीतील चाचणीने पुढे जावे. १२ इंचांची पुढची नळी वापरणाऱ्या नवोदिताला कित्येकदा बॅक बार लागतच नाही. भाता काढल्यावर बुडबुडा मध्ये राहत असेल तर हा खर्च टाळावा.

पायरी सहावी : नळी, डॅम्पर आणि जोडणी

साहित्य पाहताना कडकपणा आधी पाहावा. नळीचे एक टोक धरून दुसरे टोक बोटाने हलकेच दाबले असता ती लवत असेल तर टोकावरचे वजन बाण सुटल्यावर झुलत राहील. कार्बन नळी याबाबत ॲल्युमिनियमपेक्षा सरस असते आणि हलकीही असते. नळीचा व्यासही महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकला दुपारनंतर वारा उठतो आणि गंगापूर धरणाच्या बाजूच्या मोकळ्या माळावर तो अधिक जाणवतो. जाड नळी तो वारा पकडते, बारीक नळी कमी पकडते. आखूड नळीला हा फरक नगण्य आहे, २५ इंचांपुढे मात्र तो विचारात घ्यावा.

रबरी डॅम्पर नळी आणि वजन यांच्यामध्ये बसतो. तो मऊ असेल तर कंप छान शोषतो, पण त्यापुढे फार चकत्या लावल्या की वजन त्याच्यावर लोंबू लागते. कडक आणि मऊ असे दोन प्रकार मिळतात. चार-पाच औंसांहून अधिक वजन लावणाऱ्याने कडक घ्यावा. पटकन सुटणारी जोडणी, जिला क्विक डिस्कनेक्ट म्हणतात, दुचाकीवरून येणाऱ्यांना सोयीची आहे. स्वस्तातल्या जोडणीला मात्र खेळ पडतो. खरेदीपूर्वी ती बसवून नळी हलवून पाहावी आणि किंचितही हालचाल जाणवली तर साधी स्क्रूची जोडणीच बरी समजावी.

आट्यांची काळजी, आणि अंबड-सातपूरचे लेथ

राइजरवरील भोकाचे आटे ५/१६ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असे असतात. हा आकडा पाठ करावा, कारण आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट दिसायला अगदी तसाच असतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, व्यासात फरक जवळजवळ नाही, पण आट्यांमधले अंतर राइजरच्या भोकात सुमारे १.०६ मिलिमीटर आणि मेट्रिक बोल्टवर १.२५ मिलिमीटर आहे. मेट्रिक बोल्ट एक-दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि पान्याने जोर लावला की राइजरच्या ॲल्युमिनियमचे आटे खातो. ज्या भोकात धातूची वेगळी बुश बसवलेली असते तिथे निदान ती बदलता येते, जिथे नसते तिथे नुकसान मोठे. काही उत्पादकांच्या चकत्यांचे आटे याहून लहान, पाव इंच व्यासाचे आणि इंचाला २० असे असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या चकत्या घेताना आटे विचारून घ्यावेत.

आपल्या शहराचा एक फायदा असा की चकत्या बाहेरून मागवण्याची फारशी गरज नाही. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर काम करणाऱ्या लहान कार्यशाळा पुष्कळ आहेत आणि स्टेनलेस स्टीलच्या सळईतून चकत्या काढून देणे हे त्यांच्यासाठी किरकोळ काम आहे. २५ मिलिमीटर व्यासाची, मध्ये ८ मिलिमीटरचे भोक असलेली आणि सुमारे ८ मिलिमीटर जाडीची स्टीलची चकती जवळपास २८ ग्रॅम, म्हणजे एक औंस भरते. पितळ थोडे जड पडते, ॲल्युमिनियम मात्र स्टीलच्या एक-तृतीयांश भरत असल्याने वजनासाठी निरुपयोगी. चकतीच्या कडा गोल करून घ्याव्यात. आटे पाडायचे असतील तर कारागिराला नमुन्याची चकती नेऊन दाखवावी, तोंडी माप सांगू नये. मेट्रिकच्या सवयीने तिथे ८ चा टॅप लागण्याचीच शक्यता अधिक. बनवून आणलेली चकती आधी नळीवर बोटांनी फिरवून पाहावी आणि मगच वापरावी.

ऋतुमान आणि देखभाल

पावसाळ्यात साधे पोलादी बोल्ट आणि चकत्या गंजतात. सराव झाल्यावर आटे कोरड्या फडक्याने पुसून हलका तेलाचा हात फिरवला तरी पुरते. उन्हाळ्याची काळजी वेगळी आहे : मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेल्या धनुष्याचा रबरी डॅम्पर मऊ पडतो, प्रत्यंचा ताणते आणि लिंबवरही वाईट परिणाम होतो, म्हणून धनुष्य गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये. नळी सैल झाल्यास बाण सोडताना बारीक झणझण ऐकू येते. प्रत्येक फेरीपूर्वी बोटांनी ती घट्ट आहे ना, हे पाहण्याची सवय लावावी. पान्याने करकचून आवळण्यापेक्षा बुडाशी पातळ रबरी किंवा चामड्याचा वॉशर घालणे चांगले.

स्पर्धेच्या नोंदणीपूर्वी

गट कोणता, यावर स्टॅबिलायझरची मुभा अवलंबून आहे. जागतिक नियमांत कंपाउंड आणि रिकर्व्ह (चाकांविना, टोके पुढे वळलेल्या धनुष्याच्या) गटांत तो चालतो. त्याने प्रत्यंचेला वाट दाखवता कामा नये, धनुष्याखेरीज कशालाही टेकता कामा नये आणि शेजारच्या तिरंदाजाला अडथळा होता कामा नये, एवढ्या अटी आहेत. बेअरबो (साइटशिवायच्या धनुष्याच्या) गटात नळी चालत नाही. राइजरच्या खालच्या भागात वजन चालते, पण जोडलेल्या वस्तूंसह, प्रत्यंचा उतरवलेले धनुष्य १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून पार व्हावे लागते. आपल्याकडील इंडियन राउंड हा गट बांबूच्या धनुष्याचा, तिथे साइटही नाही आणि स्टॅबिलायझरही नाही. पेठ, सुरगाणा भागांतून याच गटातून वर येणाऱ्या मुलांना कंपाउंड हाती आल्यावर धातूच्या वजनाचेच आधी ओझे वाटते, त्यांनी तर नळीशिवाय काही महिने काढणेच योग्य. परदेशातील थ्री-डी स्पर्धांच्या काही ‘हंटर’ गटांत पुढच्या स्टॅबिलायझरची लांबी १२ इंचांपर्यंत मर्यादित असते. शिकारी नळ्यांची लांबी बहुधा तिथेच थांबण्यामागे हेही एक कारण आहे.

कंपाउंडकडे ओढा वाढतो आहे यात नवल नाही. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारच्या आदिती स्वामी आणि साताऱ्यातच घडलेल्या ओजस देवतळे यांनी याच प्रकारात वैयक्तिक विश्वविजेतेपदे मिळवली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे. त्यांच्या धनुष्यांची छायाचित्रे पाहून पालक लांब नळ्यांची चौकशी करू लागतात. त्या मांडणीमागे वर्षानुवर्षे घडवलेला खांदा असतो, हे तेव्हा सांगावे लागते.

खरेदीचा क्रम

आधी १० किंवा १२ इंचांची, आटे जुळणारी, चकत्या सुट्या होणारी एक कडक नळी आणि चार चकत्या घ्याव्यात. डॅम्पर नळीसोबत आला तर ठीक, वेगळा घेण्याची घाई नको. तीन महिन्यांच्या नोंदी वहीत झाल्यावर बुडबुडा सतत कलत असेल तर बॅक बार, आणि पिन चार चकत्यांनंतरही उड्या मारीत असेल तर १५ ते २० इंचांची नळी, यांपैकी जे निकडीचे असेल तेवढेच घ्यावे. ५० मीटरच्या स्पर्धेत उतरण्याचे नक्की झाले की बहुधा धनुष्यच बदलावे लागते, आणि मग २७ इंचांपुढील नळी त्या नव्या, लांब धनुष्याच्या मापाने निवडावी. जुनी १२ इंचांची नळी तेव्हा विकून टाकण्याचे कारण नाही. तीच नळी नव्या मांडणीत बॅक बार म्हणून बसते.